मोजणें कशास म्हणावें?

साखरेचें वजन तराजू सांगतो. पण साबणाविषयींची ग्राहकाची आवड कोणत्या मापानें मोजावी? 1932 सालीं अमेरिकेंतील रेन्सिस लिकर्ट यांनीं ‘अत्यंत पसंत’पासून ‘अत्यंत नापसंत’पर्यंत पांच पायऱ्या योजून मतांस 1 ते 5 असे अंक दिले. पुढें बाजारसंशोधनानें ही पद्धत उचलली. परंतु असा अंक म्हणजे माप होय काय?

त्याच वर्षीं ब्रिटिश असोसिएशननें एक समिती नेमली. मनुष्याच्या संवेदना मोजतां येतात काय, हा तिच्यापुढील प्रश्न. दोन वजनें एका पारड्यांत टाकतां येतात, तशी दोन संवेदनांची बेरीज होत नाहीं. सबब तें मापन नव्हे, असा पदार्थविज्ञानवेत्ते नॉर्मन कॅम्पबेल यांचा आक्षेप होता. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांची आवाजाचा मोठेपणा मोजणारी श्रेणीही या वादांत ओढली गेली. 1940 सालीं अखेरचा अहवाल निघाला, तरी एकमत झालें नाहीं.

1946 सालीं ‘सायन्स’ नियतकालिकांत स्टीव्हन्स यांनीं उत्तर दिलें. नियमानुसार अंक देणें हें मापनच. मात्र त्याचे प्रकार चार. खेळाडूच्या पाठीवरील अंक हें केवळ नांव. शर्यतींतील पहिला-दुसरा हा क्रम. उष्णतामापकावरील अंशांचीं अंतरें समान असतात, पण तेथील शून्य संकेतानें ठरविलेलें. म्हणून 40 अंश सेल्सिअस ही 20 अंशांची दुप्पट उष्णता नव्हे. लांबी व वजन यांस खरें शून्य असतें. तेथेंच दुप्पट-तिप्पट म्हणतां येतें.

व्यापाऱ्याचें नफानुकसान या भेदांतच अडकलेलें आहे. पांच पायऱ्यांवरचें एकेक उत्तर, काटेकोरपणें पाहतां, क्रमच सांगतें. ‘बरा’पासून ‘उत्तम’पर्यंतचें अंतर ‘वाईट’पासून ‘बरा’पर्यंतच्या अंतराएवढेंच आहे, याची हमी कोण देणार? एका साबणास सरासरी 4 व दुसऱ्यास 2 मिळाले, म्हणून पहिला दुप्पट आवडतो असें मानून जो दुप्पट माल भरील, त्याचीं कोठारें भरलेलींच राहण्याचा संभव.

तथापि स्टीव्हन्स यांनींही क्रमाच्या अंकांची सरासरी अगदींच निषिद्ध ठरविली नाहीं. नियमबाह्य असली तरी ती पुष्कळदां उपयोगी पडते, हें त्यांनीं मान्य केलें. 1953 सालीं फ्रेडरिक लॉर्ड यांनीं एका विनोदी लेखांत, अंकांना आपलें कूळ ठाऊक नसतें, असा टोला हाणला. टोला खरा आहे. आणि म्हणूनच तें कूळ अंक वाचणाऱ्यास ठाऊक असावें लागतें.