पाऊल, जमीन आणि जोडा

श्रोतेहो, पायांतली वहाण पायांतच बरी, असें आपली एक जुनी म्हण सांगते. म्हणीचा रोख माणसांच्या मानपानावर आहे. परंतु तिचा परिणाम बिचाऱ्या वहाणेलाही भोगावा लागला. जी वस्तु उंबरठ्याबाहेर ठेवावयाची, तिचा विचार तो काय करावयाचा, असें आपण धरून चाललों. पागोट्याचा पीळ आणि धोतराचा काठ यांकडे ज्यांनीं डोळ्यांत तेल घालून पाहिलें, त्यांनींच जोडा मात्र दुकानदाराच्या मर्जीवर सोडला.

आज व्यायामासाठीं जोडा घ्यावयास गेलेला मनुष्य भिंतभर मांडलेल्या रंगीबेरंगी जोड्यांसमोर उभा राहतो आणि गोंधळून जातो. हा चालण्याचा, हा धांवण्याचा, हा व्यायामशाळेचा, असें विक्रेता सांगत असतो. आणि हे सारे भेद आपला खिसा हलका करण्यासाठींच काढलेले असावेत, अशी शंका ऐकणाराच्या मनांत येते. ती शंका अगदींच निराधार नाहीं. तथापि या भेदांपैकीं कांहीं भेद खरे आहेत, आणि त्यांतला प्रत्येक भेद कोणत्या ना कोणत्या अडचणींतून जन्मास आला आहे. ती अडचण कोणती होती हें एकदां कळलें, म्हणजे निवड फारशी अवघड राहत नाहीं. म्हणून जोड्याचा थोडा इतिहास आज आपणांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

पहिली अडचण आकाराची. युरोपांत अठराव्या शतकांत, आणि त्यानंतरही पुष्कळ काळ, उजव्या आणि डाव्या पायांचे जोडे बहुधा एकाच सरळ साच्यावर बनत. जोड्यानें पायासारखें व्हावयाचें नाहीं, पायानेंच जोड्यासारखें व्हावयाचें, असा तो न्याय होता. १७८१ मध्यें पेट्रस कँपर या नांवाजलेल्या डच शरीरशास्त्रज्ञानें जोड्याच्या उत्तम आकारावर एक निबंध प्रसिद्ध केला. घोड्याखेचरांच्या खुरांची मनुष्य एवढी निगा राखतो आणि स्वतःच्या पावलांची मात्र हयगय करतो, याचें त्याला मोठें नवल वाटे. पुढें १८५० नंतरच्या दशकांत झुरिच येथील शरीरशास्त्राचे प्राध्यापक हेर्मान मायर यांनीं हाच मुद्दा एक रेषा ओढून स्पष्ट केला. निरोगी पावलांत आंगठ्याच्या मधून मागें ओढलेली रेषा टांचेच्या मध्यावर येते. आणि शोभेच्या जोड्याचें टोंक तर मधल्या बोटासमोर काढलेलें असतें. मग आंगठा शेजारच्या बोटांवर रेटला जातो, त्याच्या मुळाशीं सांधा बाहेर डोकावूं लागतो, आणि दोष मात्र वयाला दिला जातो.

या विद्वानांचें ऐकलें कोणी? फॅशनच्या दुकानांनीं फारसें ऐकलें नाहीं. ऐकलें तें सैन्यानें. कारण चालतां न येणारा शिपाई कोणत्याच सेनापतीला परवडत नाहीं. अमेरिकेच्या सैन्यांतील डॉक्टर एडवर्ड मन्सन यांच्या मंडळानें सुमारें ४ वर्षें चौकशी करून जवळजवळ २,००० सैनिकांचीं पावलें तपासलीं, आणि १९१२ मध्यें मन्सन यांचा त्या विषयावरील ग्रंथ बाहेर पडला. त्यांतील एक नियम आपण प्रत्येकानें पदरीं बांधावा असा आहे. सैनिकाला खुर्चीवर बसवून माप घेऊं नये; पाठीवर ४० पौंडांचें ओझें देऊन त्याला उभा करावा, आणि मग माप घ्यावें. कारण भार पडला कीं पाऊल पसरतें, लांबही होतें आणि रुंदही होतें. बसून घातलेला जोडा बसण्याच्याच उपयोगाचा!

दुसरी अडचण तळाची. कातड्याचा तळ ओल्या गवतावर घसरतो आणि उंच टांच हिरवळ उखडते. ब्राझिलच्या अरण्यांत झाडाच्या चिकाचे जोडे करीत असत, आणि ते अमेरिकेंतही विकावयास येत. परंतु उन्हाळ्यांत ते चिकट होत आणि हिवाळ्यांत दगडासारखे कडक. चार्ल्स गुडइयर या धडपड्या मनुष्यानें १८३९ मध्यें रबर आणि गंधक यांचा उष्णतेशीं संयोग घडवून हा दोष घालविला, आणि १८४४ मध्यें त्याचें पेटंट मिळविलें. त्याच्या शोधानें पुढें अनेकांच्या घरीं लक्ष्मी आली. तो स्वतः मात्र १८६० मध्यें कर्ज डोक्यावर ठेवून मरण पावला.

रबराचा तळ आणि वर कॅन्व्हस, असा जोडा इंग्लंडांत समुद्रकांठीं फिरावयास वापरूं लागले. १८७४ मध्यें मेजर विंगफील्ड यांनीं लॉन टेनिसचें पेटंट घेतलें आणि सपाट रबरी तळाला बरे दिवस आले, कारण तो हिरवळ राखतो आणि पाय घसरूं देत नाहीं. १८७६ च्या इंग्रजी कायद्यानें व्यापारी जहाजावर किती माल भरावा हें दाखविणारी रेषा सक्तीची झाली. त्या कायद्यासाठीं झगडलेल्या सॅम्युएल प्लिम्सोल यांच्या नांवावरून, कडेनें रबराची पट्टी असलेल्या या जोड्याला इंग्लंडांत प्लिम्सोल म्हणूं लागले. अमेरिकेंत त्यालाच स्नीकर हें नांव मिळालें, कारण तो घालून चालणाराच्या पावलांचा आवाज होत नाहीं. आपल्याकडे शाळेच्या कवायतीला लागणारे पांढरे कॅन्व्हसचे जोडे याच कुळांतले. १९३० नंतरच्या दशकांत कलकत्त्याजवळ बाटानगर वसलें आणि असे जोडे हिंदुस्थानांतच मुबलक होऊं लागले. स्वस्त, हलका, धुतां येणारा असा हा जोडा खरा. परंतु त्याचा तळ पातळ. हिरवळीसाठीं जन्मलेला हा जीव रोज सिमेंटवर तासभर आपटला, तर तक्रार टांचेनेंच करावयाची.

तिसरी गोष्ट शर्यतीच्या जोड्याची. इंग्लंडांतील बोल्टन गांवच्या जोसेफ फॉस्टर यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धांवण्यासाठीं खिळ्यांचे जोडे बनविले. जर्मनींत आडोल्फ दास्लर यांनीं हीच कला पुढें नेली, आणि १९३६ मध्यें बर्लिनच्या ऑलिंपिक सामन्यांत जेसी ओवेन्स यांच्या पायांत दास्लरांचे जोडे होते. हे जोडे म्हणजे एकाच कामाचें हत्यार होतें. ज्यानें विजयवीर मातीच्या धांवपट्टीवर वाऱ्यासारखा धांवला, तोच जोडा घालून त्याला फरसबंदीवर चार पावलेंही सुखानें टाकतां आलीं नसतीं. विजेत्याच्या पायांत दिसला म्हणून तोच जोडा आपण घ्यावा, या मोहाला यापेक्षां चांगलें उत्तर नाहीं.

येथें कोणी म्हणेल, आमचे पहिलवान आणि धांवपटू अनवाणीच होते, त्यांचें काय अडलें? प्रश्न योग्य आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानांत खेडेगांवचे तरुण असे धांवले कीं, दोराबजी टाटा यांचें लक्ष त्यांच्याकडे वेधलें. आणि त्यांच्या पुढाकारानें १९२० मध्यें अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेलेल्या संघांत बेळगांवकडचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन शर्यतींत १९ वे आले. १९४८ मध्यें लंडन येथें फ्रान्सशीं खेळलेल्या हिंदी फुटबॉल संघांतील बहुतेक खेळाडू बूट न घालतां खेळले, आणि केवळ १ विरुद्ध २ अशा गोलांनीं हरले. इथिओपियाचे अबेबे बिकिला १९६० मध्यें रोमच्या रस्त्यांवरून अनवाणी धांवून मॅरेथॉन जिंकले; आणि १९६४ मध्यें टोकियो येथें तेच बिकिला जोडे घालून पुन्हां पहिले आले. म्हणजे विजय जोड्यांतही नव्हता आणि जोड्याच्या अभावांतही नव्हता. अनवाणी चालण्याची पावलाला लहानपणापासून संवय असावी लागते. आपल्या तालमींतली माती खणून, चाळून, तेलपाणी घालून मऊ केलेली असते. तो आखाडा हाच पहिलवानाचा जोडा! खुर्चीवर बसून काम करणाऱ्या शहरवासीयानें चाळिशीनंतर एकाएकीं फरशीवर अनवाणी उड्या मारल्या, तर त्याला परंपरेचा आधार मिळणार नाहीं.

मैदानावरील जोडा घरोघरीं गेला तो साठ वर्षांपूर्वीं. न्यूझीलंडचे शिक्षक आर्थर लिडियार्ड यांनीं मध्यमवयीन लोकांना सावकाश धांवावयास लाविलें होतें. १९६२ मध्यें अमेरिकेचे बिल बॉवरमन यांनीं तें तेथें जाऊन पाहिलें आणि १९६७ मध्यें एका डॉक्टरांच्या सहकार्यानें त्यावर पुस्तक लिहिलें. १९६८ मध्यें डॉक्टर केनेथ कूपर यांचें 'एरोबिक्स' आलें. आतां धांवणारा मनुष्य खेळाडू नव्हता. तो कारकून होता, गृहिणी होती, हृदयाची काळजी लागलेला गृहस्थ होता. चालतांना पावलावर शरीराच्या वजनाहून थोडा अधिक भार पडतो. धांवतांना तो दुप्पट ते तिप्पट होतो. हा धक्का सोसावा म्हणून १९७० नंतरच्या दशकांत टांचेखालीं हलक्या, फेसासारख्या सच्छिद्र पदार्थाचा जाड थर आला. १९८२ मध्यें रीबॉक कंपनीनें खास स्त्रियांच्या एरोबिक व्यायामासाठीं जोडा काढला. तोंपर्यंत पुष्कळ ठिकाणीं स्त्रियांना पुरुषांच्याच जोड्याची लहान आवृत्ति मिळत असे.

या मऊ थरानें धांवणाराचें भलें केलें. पण मऊपणा सर्वत्र हितकर नसतो. खांद्यावर वजन घेऊन बैठक मारणारा मनुष्य मऊ तळावर उभा राहिला, म्हणजे गादीवर उभें राहून घागर उचलण्यासारखें होतें. घोटा डुगडुगतो आणि जोर वायां जातो. म्हणून वजन उचलणारांच्या जोड्याचा तळ कठीण आणि टांच किंचित् उंच असते.

आतां एवढ्या इतिहासाचें सार व्यवहारांत आणूं. रोज चालावयाचें असेल, तर पाऊल टांचेवर टेकतें, पुढें लोळतें आणि चवड्यानें जमीन मागें लोटतें, हें ध्यानांत धरावें. जोडा हातांत घेऊन वांकवावा. तो चवड्यापाशीं वांकला पाहिजे, मध्येंच दुमडतां कामा नये. टांचेभोंवतींचा भाग घट्ट असावा आणि वजन हलकें असावें. व्यायामशाळेंत मुख्यतः वजनें उचलावयाचीं असतील, तर तळ सपाट आणि कठीण पाहिजे. आजूबाजूला उड्या, वळणें, पवित्रे असतील, तर तळ रुंद आणि कडा भक्कम पाहिजेत. धांवण्याच्या उंच, मऊ जोड्यांत अशा वेळीं पाय मुरगळण्याची भीति असते. सरकत्या पट्ट्यावर धांवावयाचें असेल, तर धांवण्याचाच जोडा बरा. सगळें थोडें थोडें करणारानें साधारण कठीण, सपाट तळाचा जोडा घ्यावा, आणि लांब धांवण्यासाठीं दुसरा ठेवावा.

खरेदी संध्याकाळीं करावी. दिवसभरांत पावलें थोडीं सुजलेलीं असतात. व्यायामाला वापरावयाचे तेच मोजे नेऊन दोन्ही जोडे घालावे, उभें राहावें, दुकानांत फिरावें. दोन पावलें क्वचितच सारखीं असतात. मोठ्या पावलाचें माप धरावें. पुढें आंगठ्याच्या रुंदीएवढी जागा असावी, आणि ती जागा सर्वांत लांब बोटापासून मोजावी. पुष्कळांचें दुसरें बोट आंगठ्याहून लांब असतें. पुढें सैल होईल, असें कोणी म्हटलें तर तो जोडा परत ठेवावा.

यंत्राच्या साक्षीवरही फार विसंबूं नये. १९२० नंतर युरोप-अमेरिकेंतील दुकानांत क्ष-किरणांचीं यंत्रें आलीं. जोड्याच्या आंत पायाचीं हाडें दिसत आणि मुलें कौतुकानें पुन्हां पुन्हां पाय घालीत. माप तर त्यानें सुधारलें नाहींच, पण निष्कारण किरणांचा मारा मात्र झाला. अखेर १९५७ मध्यें पेनसिल्व्हानिया राज्यानें त्यांवर बंदी घातली, आणि हळूहळू तीं यंत्रें सर्वत्र नाहींशीं झालीं. जोडा चावतो कोठें, हें सांगण्यास पायाइतका विश्वासू साक्षीदार नाहीं.

मात्र हा साक्षीदार मुका झाला तर? वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत डॉक्टर पॉल ब्रँड यांनीं १९४६ नंतर कुष्ठरोग्यांवर दीर्घकाळ काम केलें. त्यांच्या असें ध्यानांत आलें कीं, रोग्यांच्या पायांचीं बोटें रोगानें आपोआप गळून पडत नाहींत. वेदना नाहींशी झाल्यामुळें जखमेवरूनच ते चालत राहतात, आणि पाय झिजत जातो. अशा रोग्यांसाठीं मऊ सच्छिद्र रबराच्या वहाणा करण्यांत आल्या, आणि त्यांनीं कित्येकांचे पाय वांचविले. पुष्कळ दिवसांच्या मधुमेहानेंही पावलांची संवेदना अशीच मंदावते. आपल्या घरोघरीं आज मधुमेह आहे, आणि त्यावर चालणें हा उपाय सांगितला जातो. उपाय उत्तमच, पण अशा वडीलधाऱ्यांनीं जोडा घालण्यापूर्वीं आंत हात फिरवून खडा अथवा शिवण पाहावी, आणि फिरून आल्यावर तळपाय रोज निरखावे, वांकवत नसेल तर आरसा घ्यावा, किंवा घरांतल्या कोणाला पाहावयास सांगावें. ज्याला दुखतें त्यानें वेदनेला शत्रु मानूं नये; ती आपल्या दारावरचा पहारेकरी आहे.

तेव्हां श्रोतेहो, दुकानांत पाऊल टाकण्यापूर्वीं तीन प्रश्नांचीं उत्तरें मनाशीं ठरवावीं. मी काय करणार आहें? कोणत्या जमिनीवर करणार आहें? आणि उभें राहिल्यावर माझें पाऊल खरोखर केवढें आहे? रंग आणि किंमत यांचा विचार त्यानंतर खुशाल करावा.