एका लेकीनं आईसाठी बांधलेलं स्मारक

आजचा विषय आहे, स्त्रियांच्या कर्तृत्वाची स्मारकं आणि त्यांचं जतन. स्मारक म्हटलं की आपल्याला चौकातला पुतळा आठवतो. मी आज त्याहून बरंच जुनं, विदर्भातलंच एक स्मारक तुमच्यापुढे ठेवणार आहे.

सुरुवात आपल्या वाशीमपासून करू. वाशीम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. १९३९ साली इथं विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट मिळाला आणि वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा इथून राज्य करत होती हे पक्कं झालं. पुढे जवळच्या हिस्से बोराळ्यात देवसेनाच्या काळातला, शके ३८० चा शिलालेख मिळाला. त्यात सुदर्शन नावाच्या तळ्याचा उल्लेख आहे. आता या ताम्रपटात राजाची ओळख कशी दिली आहे? अमक्याचा नातू, तमक्याचा मुलगा. म्हणजे आजोबा आहेत, वडील आहेत. आई नाही, आजी नाही. त्या काळच्या बहुतेक राजलेखांची हीच रीत.

पण याच घराण्याची दुसरी शाखा नंदिवर्धनला, म्हणजे आजच्या रामटेकजवळच्या नगरधनला होती, आणि तिथं ही रीत मोडलेली दिसते. तिथली राणी प्रभावतीगुप्ता. दुसऱ्या चंद्रगुप्ताची आणि नागकुळातल्या कुबेरनागेची ही मुलगी, दुसऱ्या रुद्रसेनाची पट्टराणी. नवरा लवकर गेला, मुलं लहान होती, तेव्हा राज्याचा कारभार तिनं हातात घेतला. युवराज दिवाकरसेनाची आई म्हणून तिनं स्वतःच्या नावानं दानपत्र दिलं, ते कारभाराच्या तेराव्या वर्षी. हा ताम्रपट पुण्यात, एका तांबट कुटुंबाकडे सापडला. त्यात ती वंशावळ सासरची सांगत नाही, माहेरची, गुप्तांची सांगते. दुसरा ताम्रपट अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचा, तो मुलगा दुसरा प्रवरसेन गादीवर असतानाचा. आणि अलीकडे नगरधनच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्राही मिळाली. एवढे पुरावे असताना तिला नुसती 'अमक्याची मुलगी, तमक्याची बायको' म्हणून सोडून देता येत नाही.

आता स्मारकाकडे येऊ. रामटेकच्या डोंगरावर केवल नरसिंहाचं देऊळ आहे. लोक शेकडो वर्षं नरसिंहाला नमस्कार करत आले. १९८० च्या दशकात मंडपाच्या भिंतीवरचा जुना लेप निघाला आणि खाली अक्षरं दिसली. पाचव्या शतकातला लेख! त्यातून कळलं ते असं, की प्रभावतीगुप्तेच्या मुलीनं आईच्या पुण्यस्मरणासाठी 'प्रभावतीस्वामी' या नावानं विष्णूचं देऊळ उभारलं. देवाच्या नावातच आईचं नाव गुंफलं.

बघा हं, इथं एक गंमतही आहे आणि काळजीची गोष्टही. देऊळ टिकलं, कारण तिथं पूजा चालू राहिली. दिवा लागत होता, म्हणून छप्पर सांभाळलं गेलं. पण सांभाळण्याच्या त्याच ओघात भिंतीवर थर चढले आणि जिच्यासाठी हे सगळं केलं तिचं नाव खाली गेलं. दगड राहिला आणि आठवण गेली. लेखाचा काही भाग तर कायमचाच गेला आहे. त्या लेकीचं नाव नेमकं काय, याच्या वाचनाबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. आईचं नाव जिनं आपल्यापर्यंत पोचवलं, तिचं स्वतःचं नाव मात्र आपल्या हातून निसटतं आहे.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, म्हणून थोडं न्यायदर्शनातलं सांगतो. नैयायिक म्हणतात, अनुभवाचा संस्कार मनात पडून असतो. तो जागा करायला उद्बोधक लागतो, तेव्हा कुठे स्मृती होते. स्मारक हा समाजाचा उद्बोधक आहे. भिंत उभी आहे पण अक्षर वाचता येत नाही, तर उद्बोधकाचं कामच थांबलं. म्हणून जतन करायचं म्हणजे नुसती पडझड थांबवायची एवढंच नाही. ती वास्तू कोणाची, कोणासाठी, हे सांगणारी खूणही वाचवायची.

कोणी म्हणेल, सर, रामटेक लांब, आम्ही वाशीमकरांनी काय करायचं? पुष्कळ करता येतं. आपल्या जिल्ह्यात जुनी देवळं आहेत, बारवा आहेत, वीरगळ आहेत, सतीशिळा आहेत. जीर्णोद्धाराची वर्गणी गोळा झाली, की पहिल्यांदा येतो तो ऑइल पेंटचा डबा. मग फरशी, मग सिमेंट. हेतू चांगलाच असतो, पण एखाद्या पायरीवर, चौकटीवर कोणा बाईनं दिलेल्या दानाची ओळ असेल तर ती त्याच दिवशी संपते. म्हणून रंग लावण्याआधी दगड नुसत्या पाण्यानं, मऊ ब्रशनं पुसून पाहा. खरवडू नका, ॲसिड तर अजिबात नको. अक्षरासारखं काही दिसलं, तर सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा; अशा उन्हात कोरीव काम उठून दिसतं. आणि पुरातत्त्व विभागाला कळवा, काम तोवर थांबवा. गावातल्या म्हाताऱ्या बायकांनाही विचारा, ही विहीर कोणी बांधली. पुष्कळदा गावाच्या दप्तरात नसलेलं नाव त्यांच्या तोंडी असतं. ते तारखेनिशी लिहून ठेवा आणि 'ऐकीव' असं स्पष्ट नोंदवा, म्हणजे पुढच्या अभ्यासकाची फसगत होणार नाही.

आणि केवल नरसिंहाला गेलात, तर दर्शन जरूर घ्या. पण मंडपात थोडं थांबून तो लेखही पाहा. सोबत मुलं असतील तर त्यांना सांगा, की हे देऊळ एका मुलीनं आपल्या आईसाठी बांधलं, आणि ती आई राज्य चालवत होती.

इथं थांबतो. कोणाच्या गावात असा कोरलेला दगड असेल तर आधी त्याबद्दल बोलू, मग प्रश्न घेऊ.