भाऊसाहेब निंबाळकर : एका अपुऱ्या डावाची सावली

क्रिकेटचा इतिहास म्हणजे कसोटी सामन्यांचा इतिहास, असा एक समज आपल्याकडे रूढ होऊन बसला आहे. त्यामुळे जो खेळाडू आयुष्यभर प्रांतिक सामनेच खेळला, त्याच्या नावावर विक्रम नसेल तर तो विस्मृतीत जातो. आणि असेल, तर त्या विक्रमाखाली त्याची उरलेली कारकीर्द गाडली जाते. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर (१९१९–२०१२) यांच्या वाट्यास हा दुसरा प्रकार आला.

१९३९-४० च्या हंगामात ते बडोद्याकडून प्रथम खेळले. पुढे महाराष्ट्र, होळकर, राजस्थान, रेल्वे असे त्यांचे संघ होत गेले. आजच्या वाचकास ही चंचलता वाटेल. परंतु त्या काळी केवळ क्रिकेटवर पोट भरत नसे, आणि संस्थानिकाच्या पदरी वा एखाद्या खात्यात चाकरी मिळाली की खेळाडूचा संघही बहुधा तोच ठरे. इंदूरच्या होळकर संघाने १९४५-४६ मध्ये म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ धावा केल्या, तेव्हा एकाच डावात सहा जणांनी शतके काढली. कर्नल सी. के. नायडू त्या सहांत होते. पण सर्वांत मोठी धावसंख्या, १७२, निंबाळकरांची होती. हा डाव कितीजणांस आठवतो?

आठवतो तो पुण्याचा, डिसेंबर १९४८ चा. काठियावाडचा संघ २३८ धावांत बाद झाला आणि महाराष्ट्राने ४ बाद ८२६ केल्या. होळकर संघातले जुने सोबती भांडारकर २०५ धावा काढून गेले; दोघांनी मिळून ४५५ धावांची भर घातली. निंबाळकर ४४३ वर नाबाद, म्हणजे अर्ध्याहून अधिक धावा त्यांच्या एकट्याच्या! ब्रॅडमनचा १९३० चा ४५२ धावांचा जागतिक विक्रम मोडण्यास अवघ्या दहा धावा हव्या होत्या. खेळ विश्रांतीसाठी थांबला, तो पुन्हा सुरूच झाला नाही. काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनी सामना सोडून दिला. आपल्या संघाचे नाव असल्या विक्रमाशी जोडले जावे हे त्यांस रुचले नाही, असे सांगतात.

ठाकूरसाहेबांस दोष देणे सोपे आहे, आणि तो द्यावाच. मात्र काळ लक्षात घ्यावा. काठियावाडची संस्थाने त्याच वर्षी, फेब्रुवारीत, विलीन झाली होती. राज्य गेले, तरी मैदानावरून निघून जाण्याचा अधिकार उरला होता! ज्या राजाश्रयावर प्रांतिक क्रिकेट पोसले गेले, त्याच राजेपणाच्या मानापमानात त्या क्रिकेटचा सर्वांत मोठा डाव अडकला, ही गोष्ट मला योगायोगाची वाटत नाही. खेळ जोवर कोणाच्या तरी मर्जीवर चालतो, तोवर तो मर्जीनेच थांबतो.

अधिकृत कसोटी निंबाळकरांस कधीच लाभली नाही. १९४९-५० मध्ये राष्ट्रकुल संघाविरुद्ध एक अनधिकृत कसोटी तेवढी मिळाली. त्या दशकात मर्चंट, हजारे, मोदी यांच्यामुळे भारतीय फलंदाजीत जागा थोड्या होत्या हे खरे. पण एकही संधी नसावी, हे कोणत्याही हिशेबात बसत नाही. ते १९६४-६५ पर्यंत खेळले : ८० सामने, ४८४१ धावा, सरासरी सुमारे ४८, बारा शतके, आणि गोलंदाजीत ५८ बळी.

ब्रॅडमनचा आकडा पुढे जानेवारी १९५९ मध्ये कराचीच्या हनीफ महंमदने ४९९ करून मागे टाकला. म्हणजे त्या दहा धावा मिळत्या, तरी निंबाळकरांचा जागतिक मान जेमतेम दहा वर्षे टिकता. भारतीयांत मात्र ४४३ ची बरोबरी त्यांच्या हयातीत कोणासही करता आली नाही.