वेल पिवळा का पडतो? हळद्या रोगाच्या शोधाची गोष्ट

मंडळी, इथं शेलूबाजारकडं डांगराचा, म्हणजे लाल भोपळ्याचा वेल पिवळा पडला की आपला हात आधी युरियाच्या पोत्याकडं जातो. पण सगळं पिवळं सारखं नसतं. हे कळायला किती वर्षं लागली, ते पाहू.

१९२४ मध्ये कुलकर्णी यांनी मुंबई इलाख्यातल्या भेंडीवर हळद्याची नोंद केली. तो विषाणूमुळं होतो, हे उप्पल, वर्मा आणि कपूर यांनी १९४० मध्ये दाखवलं. १९५२ मध्ये वर्मांनी हा विषाणू आणि पांढरी माशी यांच्या नात्याचा अभ्यास मांडला. १९५५ मध्ये त्यांनीच भोपळ्याच्या हळद्याची नोंद केली. तोही हीच माशी पसरवते.

म्हणजे तीस वर्षं खपून जे हाती आलं, ते आपण बांधावर उभं राहून वापरू शकतो. खालची जुनी पानं सरसकट पिवळी? नत्र कमी. कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या? लोह कमी. पाऊस लागून राहिला, रानात पाणी साचलं? आधी चर काढा. आणि शिराच पिवळ्या, जाळीसारख्या? तो हळद्या. त्याला औषध नाही. असा वेल लवकर उपटून नष्ट करायचा, पिवळे चिकट सापळे लावून माशीवर नजर ठेवायची.

विषाणूवर युरिया टाकला, तर वेल वाचत नाही. पैसा मात्र जातो. म्हणून पोतं उघडण्याआधी पान उलटून बघा. माशी पानाखालीच बसते.