भरतीसाठी धावताना टाचेमागची शीर दुखतेय? अकिलीस टेंडनचं दुखणं काय असतं आणि फिजिओथेरपीनं ते कसं बरं होतं?

हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ. पाचही तालुक्यांत पोलीस भरतीची जाहिरात आली की पहाटेच्या रस्त्यावर धावणाऱ्या पोरापोरींची गर्दी वाढते. हिंगोलीत तर राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक 12 आहे, त्यामुळे वर्दीचं स्वप्न इथल्या पोरांना रोज डोळ्यांसमोर दिसतं.

पोलीस शिपाई पदाच्या शारीरिक चाचणीचे 50 गुण असतात. त्यातले 20 गुण मोठ्या धावण्याचे. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर. शिवाय 100 मीटरची धाव आणि गोळाफेक. राज्य राखीव दलासाठी तर 5 किलोमीटर धावावं लागतं. इथे काही सेकंदांच्या फरकानं गुण जातात आणि मेरिट हुकतं.

म्हणून महिनोन्महिने न धावलेली पोरं जाहिरात आल्यावर एकदम रोज रनिंग मारायला लागतात. दोन-चार आठवड्यांत अनेकांची एकच तक्रार सुरू होते. टाचेच्या वर, मागच्या बाजूला दुखतंय. सकाळी उठल्यावर पहिली पावलं टाकवत नाहीत.

हेच अकिलीस टेंडनचं दुखणं.

ही शीर म्हणजे नेमकं काय?

बोलताना आपण तिला शीर म्हणतो, पण ती रक्तवाहिनी नाही. पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारा तो एक जाड, चिवट दोर आहे. शरीरातली ही सगळ्यात जाड आणि मजबूत कंडरा. तिची लांबी साधारण 15 सेंटीमीटर असते. ग्रीक पुराणकथेतल्या अकिलीस या योद्ध्याचं सगळं शरीर अभेद्य होतं, फक्त टाच सोडून. त्याच्यावरून हे नाव पडलं.

धावताना या शिरेवर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो. म्हणजे 60 किलोच्या मुलाच्या शिरेवर प्रत्येक पावलाला 360 ते 480 किलोचा ताण. 1600 मीटरमध्ये दोन्ही पायांची मिळून हजारावर पावलं पडतात. 100 मीटरच्या धावेत तर चवड्यांवर जोर येतो आणि शीर आणखी ताणली जाते.

शीर हा भार पेलू शकते, पण तिला सवय व्हायला वेळ लागतो. दम आणि स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, शिरेला मात्र महिने लागतात. जोराच्या व्यायामानंतर तिची डागडुजी व्हायला दीड-दोन दिवस जातात. ती पूर्ण होण्याआधीच रोज नवा ताण पडला, की आतले धागे विस्कटतात आणि शीर जाड होऊन दुखायला लागते.

ओळखायचं कसं?

- टाचेच्या हाडापासून साधारण 2 ते 6 सेंटीमीटर वर दुखतं, चिमटीत धरल्यावर जास्त दुखतं.
- सकाळी उठल्यावर किंवा बराच वेळ बसून उठल्यावर टाच आखडलेली असते.
- धावायला सुरुवात केली की दुखतं, अंग गरम झालं की कमी होतं, आणि थंड पडलं की पुन्हा सुरू होतं.

हा तिसरा मुद्दा फसवा आहे. धावताना दुखणं थांबतं म्हणून पोरं धावत राहतात आणि दुखणं जुनं होत जातं.

टाचेच्या खाली, तळव्यात दुखत असेल तर तो वेगळा आजार. आणि अगदी टाचेच्या हाडावर, जिथे शीर चिकटते तिथे दुखत असेल तर शीर तीच, पण व्यायाम थोडे वेगळे.

गोळी आणि आराम का पुरत नाही?

पूर्वी या दुखण्याला शिरेची सूज समजलं जायचं. पण दुखणं जुनं झालं की त्यात साध्या सुजेपेक्षा शिरेच्या रचनेतला बिघाड मोठा असतो. पेनकिलरनं दुखणं काही तास दबतं, बिघाड तसाच राहतो.

वसमतची हळद देशभर जाते, त्यामुळे घरोघरी हळदीचा लेप हा पहिला उपाय. लेपानं बरं वाटत असेल तर हरकत नाही, पण त्यानं शिरेची ताकद वाढत नाही.

पूर्ण आरामाचंही तसंच. महिनाभर झोपून राहिलं की दुखणं कमी होतं, पण शीर आणि पोटरी दोन्ही आणखी कमजोर होतात. मग पहिल्याच जोराच्या धावेला दुखणं परत येतं.

शीर बरी होते ती मापात वाढवलेल्या भारानं. फिजिओथेरपीचा सगळा उपचार याच एका गोष्टीवर उभा आहे.

पायरीवरचा व्यायाम

1998 मध्ये स्वीडनचे डॉक्टर हाकन आल्फ्रेडसन यांनी 15 हौशी खेळाडूंवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यांची शीर बऱ्याच काळापासून दुखत होती. 12 आठवडे एकच व्यायाम दिल्यावर सगळे पुन्हा आधीसारखे धावायला लागले. अभ्यास छोटा होता, पण उपचाराची दिशा त्यानं बदलली.

व्यायामाला मशीन लागत नाही. घराची पायरी किंवा ओटा पुरतो. चवडे पायरीच्या कडेवर ठेवायचे. दोन्ही पायांनी टाचा उचलायच्या. मग फक्त दुखऱ्या पायावर वजन घेऊन टाच हळूहळू पायरीच्या खाली न्यायची. वर येताना पुन्हा दोन्ही पाय वापरायचे. 15 वेळा केलं की एक सेट. गुडघा सरळ ठेवून 3 सेट, किंचित वाकवून 3 सेट, दिवसातून दोनदा. सोपं वाटायला लागलं की पाठीवरच्या बॅगेत पुस्तकं किंवा धान्य भरून वजन वाढवायचं.

टाचेच्या हाडावरच दुखत असेल तर टाच पायरीच्या खाली न्यायची नाही, सपाट जमिनीवरच हा व्यायाम करायचा.

रोज 180 वेळा हे करायचा कंटाळा येत असेल तर दुसरी पद्धत आहे. आठवड्यातून तीनच दिवस, पण जास्त वजन घेऊन आणि अगदी संथपणे टाचा उचलणं. 2015 मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी दोन्ही पद्धतींची तुलना केली, तेव्हा दोन्हींचा फायदा जवळपास सारखाच निघाला. कुणाला कोणती पद्धत, किती वजन, हे फिजिओथेरपिस्ट पाय तपासून ठरवतात.

धावणं बंद करायचं का?

दर वेळी नाही. फिजिओथेरपिस्ट एक साधा नियम देतात. दुखण्याला 0 ते 10 पैकी गुण द्यायचे. व्यायाम करताना 5 पर्यंत दुखलं तरी चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते उतरलं पाहिजे. सकाळचा आखडलेपणा रोज वाढत असेल तर भार जास्त होतोय, तो कमी करायचा.

धावण्याकडे परतायचा क्रमही ठरलेला असतो. आधी भरभर चालणं, मग एक दिवसाआड हळू जॉगिंग, मग अंतर वाढवणं, त्यानंतर वेग. 100 मीटरचे स्प्रिंट आणि चढावरचं धावणं सगळ्यात शेवटी. मधल्या काळात सायकल चालवली तर दम टिकतो आणि शिरेवर ताणही कमी येतो. बुटात टाचेखाली छोटी गादी ठेवली तर सुरुवातीला आराम पडतो.

बहुतेकांना 12 आठवड्यांत चांगला फरक पडतो. दुखणं जुनं असेल तर सहा महिने किंवा जास्तही लागतात.

ग्राउंड 15 दिवसांवर असेल तर?

15 दिवसांत शीर बरी होत नाही, हे आधी मान्य करावं लागतं. एवढ्या वेळात भार कमी करून दुखणं आटोक्यात ठेवता येतं. रोजचं धावणं आणि स्प्रिंट थांबवायचे आणि ग्राउंडवर उतरायचं की नाही हे तपासून घेऊनच ठरवायचं.

एका दिवसासाठी शिरेत किंवा शिरेजवळ स्टेरॉइडचं इंजेक्शन घेण्याचा मोह टाळलेला बरा. त्यानं शीर कमजोर होऊन तुटण्याचा धोका असतो. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातल्या अँटिबायोटिक गोळ्यांमुळेही शिरेला इजा होऊ शकते. अमेरिकेच्या औषध नियामकांनी 2008 मध्येच त्यावर ठळक इशारा छापायला लावला. या गोळ्या चालू असताना शीर दुखायला लागली तर लगेच डॉक्टरांना सांगायचं.

तातडीनं दवाखाना कधी गाठायचा?

धावताना मागून कुणीतरी लाथ मारल्यासारखं वाटलं, 'फट्' असा आवाज आला आणि त्यानंतर चवड्यावर उभंच राहता येत नसेल, तर शीर तुटलेली असू शकते. इथे पायरीचा व्यायाम किंवा मालिश करायचं नाही. पायावर वजन न देता त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचं.

या शिरेचं दुखणं किती लांबू शकतं, हे मोहम्मद शमीकडे पाहून कळतं. 2023 च्या वर्ल्ड कपमध्ये त्यानं 7 सामन्यांत 24 विकेट घेतल्या. फेब्रुवारी 2024 मध्ये अकिलीस टेंडनची शस्त्रक्रिया झाली आणि तो मैदानात परतला नोव्हेंबरमध्ये. हे देशातले उत्तम डॉक्टर आणि फिजिओ दिमतीला असताना.

फिजिओथेरपिस्ट निवडताना

फिजिओथेरपीच्या पदवीसोबत महाराष्ट्रात राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी लागते. ती आहे का हे बिनधास्त विचारावं. फक्त शेक आणि मशीन लावून परत पाठवत असतील आणि व्यायाम शिकवत नसतील, तर उपचाराचा मुख्य भाग राहून जातोय.

आणि जे अजून दुखण्यात अडकलेले नाहीत त्यांच्यासाठी हिशेब सोपा आहे. जाहिरातीची वाट न पाहता आठवड्यातून तीन दिवस टाचा उचलण्याचा व्यायाम आणि एक दिवसाआड हळू धावणं आजच सुरू करायचं. जाहिरात कधी येईल ते आपल्या हातात नाही, शिरेला लागणारे तीन महिने आधीच देऊन ठेवणं आपल्या हातात आहे.