दमाने आलेला रोग

आपल्या मराठीत ‘दम’ हा शब्द दोन वाटांनी चालतो. चढण चढताना दम लागतो, आणि घाई करणाऱ्याला वडीलधारी माणसे सांगतात, ‘जरा दमाने घे.’ एकात श्वास आहे, दुसऱ्यात सबुरी. मेंढरांच्या एका रोगाचा इतिहास वाचताना हे दोन्ही अर्थ मला एकत्र भेटले.

ही हकिकत आइसलंडची. उत्तर अटलांटिकमधल्या या बेटावर शेतकऱ्याचा संसार पिढ्यान् पिढ्या मेंढरांवर चाललेला. १९३३ साली जर्मनीतल्या हाले शहरातून काराकुल जातीची २० मेंढरे तिथे आणली गेली. हेतू चांगला होता. कळप सुधारावा, चार पैसे जास्त मिळावेत. खबरदारीही घेतली. दोन महिने ती वेगळी ठेवली. आजार दिसला नाही, म्हणून ती वेगवेगळ्या भागांत वाटून दिली.

काही वर्षांनी धष्टपुष्ट मेंढ्यांना धाप लागू लागली. कळपामागे त्या रेंगाळत, खंगत आणि मरत. फुप्फुसे दुप्पट-तिप्पट जड झालेली असत. तिथल्या मेंढपाळांनी रोगाला ‘मेडी’ म्हटले, म्हणजे धाप. काही मेंढ्यांचे पाय लुळे पडत; त्याला ‘विस्ना’ म्हटले, म्हणजे वाळत जाणे. पुढे कळले, दोन्ही रोग एकाच विषाणूचे. लागण झाल्यावर तो दोन-तीन वर्षे, कधी त्याहूनही जास्त काळ गप्प बसतो. दोन महिन्यांच्या पहाऱ्याला तो कसा सापडणार? आणि लांबलचक हिवाळ्यात मेंढरे गोठ्यात दाटीने राहत, त्यामुळे एकीचा श्वास दुसरीला बाधत गेला.

औषध नव्हते, लस नव्हती, आजही नाही. चाळिशीच्या दशकात सरकारने कठोर निर्णय घेतला. मुलूख कुंपणांनी विभागायचा आणि बाधित भागांतली सगळी मेंढरे कापायची, धडधाकट दिसणारीसुद्धा. रोगाने सुमारे लाखभर मेंढरे गेली होती. कापावी लागली ती त्याहून कितीतरी जास्त. मग वायव्येकडच्या निरोगी भागातली कोकरे आणून गोठे पुन्हा भरले. १९६५ साली रोग संपला. हाताने वाढवलेली, चांगली चरणारी मेंढी सुरीखाली देताना त्या घरांत काय झाले असेल, याची नोंद आकड्यांत सापडत नाही.

याच संकटातून ब्योर्न सिगुर्डसन या संशोधकाने १९५४ साली ‘मंदगती संसर्ग’ ही कल्पना मांडली. १९५९ साली, ऐन उमेदीत, ते वारले. १९८३ मध्ये एड्सचा विषाणू सापडला आणि पुढच्या दोन वर्षांत कळले की तो मेंढरांच्या या विषाणूचा नातलग आहे. त्या कुळाचे शास्त्रीय नावच ‘सावकाश’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे. शेळ्यांतही त्याचा एक भाऊबंद आढळतो. मेंढरांचा रोग माणसाला होत नाही. पण माणसाचा रोग समजायला त्या मेंढरांनी मदत केली.

आज दिसत नाही म्हणजे नाहीच, असे मानायची आपल्याला घाई असते. आइसलंडच्या शेतकऱ्याने त्या घाईची किंमत तीस वर्षे मोजली. नवे जनावर दावणीला बांधण्याआधी, म्हणूनच, जरा दमाने घ्यावे.