आगबोटीवरील खलाशी : कामाचे तास आणि फुरसतीचे तास

सातारा-सांगलीच्या मुलाला समुद्र प्रथम भेटतो तो भूगोलाच्या पुस्तकात. आपली नद्यांची माणसे. कृष्णा, कोयना, वारणा यांचे पाणीसुद्धा पूर्वेकडे, दूरच्या बंगालच्या उपसागराकडे वाहते. तरीही समुद्र आपल्याला परका नाही. कराडहून पाटणमार्गे कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण लागते. मीठ, नारळ, सुकी मासळी घाटावर चढे आणि घाटावरचे धान्य, गूळ, मिरची खाली उतरे, ती याच वाटेने. शिवछत्रपतींच्या आरमारातील दर्यासारंग व दौलतखान हे सरदार मुसलमान होते, हे आपण शाळेत शिकतोच. परंतु आरमाराच्या सरदारांचे नाव इतिहासात राहते, वल्हे मारणाऱ्याचे आणि कोळसा ओढणाऱ्याचे राहत नाही. या लेखात त्या दुसऱ्या माणसाच्या दिनक्रमाचा विचार करावयाचा आहे.

इंग्रजांच्या आगबोटींवर काम करणाऱ्या हिंदी खलाशांना 'लास्कर' म्हणत. आपल्या 'लष्कर' शब्दाचेच ते इंग्रजी रूप. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीस, १९१४ साली, ब्रिटिश व्यापारी जहाजांवर अशा खलाशांची संख्या सुमारे ५१ हजार होती. कलकत्त्याला सिल्हेट, नोआखाली व चितगावकडील माणसे बोटीवर चढत. मुंबईला डेकवरच्या कामासाठी रत्नागिरी जिल्ह्यातील कोकणी मुसलमान व गुजरातचे खारवी, इंजिनखात्यात पठाण व पंजाबी, आणि खानसामे म्हणून गोव्याचे ख्रिस्ती अशी साधारण वाटणी असे.

बोटीवरची उतरंड ठरलेली होती. सर्वांत वर सारंग, हा शब्द फारसी 'सरहंग' म्हणजे सेनानायक यावरून आला. त्याच्या हाताखाली तांडेल. सुकाणू धरणारा तो सुकाणी, कोठार सांभाळणारा कसाब, खलाशांचा स्वयंपाक करणारा भंडारी, झाडलोट करणारा टोपास. खाली बॉयलरपाशी आगवाला, तेलवाला आणि कोयलावाला. साहेब लोकांचे हुकूम सारंगामार्फतच खाली येत आणि खलाशाची तक्रारही त्याच्याच तोंडून वर जाई. गावाकडून माणसे आणणाराही बहुधा तोच. त्यामुळे सारंग हा मुकादम, सावकार आणि गावचा वडीलधारी असा तिन्ही असे. तो भला असला तर खलाशाचे नशीब, नसला तर पगारातला हिस्सा त्याच्या खिशात जाई.

बोटीचा दिवस घंटेवर चाले. दर अर्ध्या तासाला घंटा आणि आठ घंटा झाल्या की एक पाळी संपली. बारा ते चार, चार ते आठ, आठ ते बारा असे चार तासांचे पहारे आणि त्यांच्या मध्ये आठ तासांची मोकळीक, अशी ही पद्धत. कागदावर ती न्याय्य वाटते. परंतु हिंदी खलाशांच्या करारात कामाच्या तासांना वेगळी मर्यादा नसे. डेक धुणे, गंज खरवडणे, रंग लावणे, दोर वळणे ही कामे संपत नसत. बॉयलरपाशी तर याहून कठीण. कोठारातून कोळसा ढकलत आणायचा, भट्टीत फेकायचा, राख उपसायची. तांबड्या समुद्रातून बोट जाताना उन्हाळ्यात आगवाले उष्म्याने कोसळत.

आणि पाळी संपवून तो जायचा कोठे? १८९४ च्या कायद्याने गोऱ्या खलाशाला राहण्यासाठी ७२ घनफूट जागा ठरवली होती. हिंदी खलाशाला ३६ घनफूट. ३६ घनफूट म्हणजे सहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि दोन फूट उंच. विद्यार्थ्यांनी खडू घेऊन वर्गाच्या फरशीवर हे माप एकदा आखून पाहावे. १९०६ साली गोऱ्या खलाशाची जागा १२० घनफूट झाली, पण ही सुधारणा हिंदी खलाशाला लागू झाली नाही. पगार गोऱ्याच्या तिसऱ्या ते पाचव्या हिश्श्याइतका. समुद्र सर्वांना सारखाच बुडवतो, पण कायदा माणसामाणसात फरक करीत होता.

अशाही स्थितीत त्या माणसांनी आपली फुरसत सजवली. भंडारी भात, डाळ, सुकी मासळी शिजवी आणि एकाच थाळ्याभोवती चार-सहा जण बसत. कोणी फाटके कपडे शिवी, कोणी गळ टाकून मासे धरी, कोणी पत्ते खेळे, कोणी गावाकडच्या आठवणी सांगे. नमाजाची वेळ झाली की किब्ल्याचा प्रश्न येई, कारण बोटीने दिशा बदलली की किब्ल्याची बाजूही बदले. अशा वेळी सुकाण्याचे होकायंत्र कामी येई. रमजानात भट्टीपाशी रोजा धरणे म्हणजे काय, याची कल्पना आपण घरात बसून करू शकणार नाही. प्रवाशाला शरीयतने सवलत दिली आहे, तरीही रोजे धरणारे होते. लंडनच्या गोदी भागात खलाशांनी मोहरम पाळल्याची एकोणिसाव्या शतकातील वर्णने आहेत. कडेगावचे उंच ताबूत आणि त्यांना खांदा देणारे हिंदू-मुसलमान ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना थेम्सच्या धुक्यातला तो मेळा डोळ्यांसमोर आणता येईल.

फुरसतीतले सर्वांत मोलाचे काम मात्र पत्राचे. पुष्कळ खलाशी निरक्षर होते आणि करारावर अंगठा उठवीत. ज्याला अक्षर येई त्याची फुरसत त्याची स्वतःची राहत नसे. घरून आलेले पत्र तो मोठ्याने वाचे, उत्तर तोच लिही. मुलाचा जन्म, आईचे आजारपण, शेताचा तंटा, सारे परक्याच्या तोंडून ऐकायचे आणि मनातले बोलणे परक्याच्या लेखणीतून पाठवायचे. ज्या करारावर अंगठा दिला त्यात काय लिहिले आहे, हेही दुसऱ्यानेच सांगायचे. अज्ञानाची किंमत याहून स्पष्ट कोठे दिसेल?

युद्धात या माणसांनी जी किंमत दिली ती आपण विसरून गेलो आहोत. पहिल्या महायुद्धात तीन हजारांहून अधिक आणि दुसऱ्या महायुद्धात सहा हजारांहून अधिक हिंदी खलाशी मृत्यू पावले. मुंबईत मशीद बंदर भागात इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धातील दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक आहे. समुद्राखेरीज त्यांना दुसरी कबर नाही. सहलीला मुंबईस जाणाऱ्या शाळांनी राणीच्या बागेबरोबर हे ठिकाणही पाहावे.

काळ पालटला. ५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' ही बोट मुंबईहून लंडनकडे निघाली. भारतीय मालकीच्या जहाजवाहतुकीची ती सुरुवात मानली जाते. या कंपनीच्या संस्थापकांत सोलापूरचे वालचंद हिराचंद होते. १९२७ मध्ये 'डफरिन' या शिक्षणनौकेवर हिंदी तरुणांना अधिकारी होण्याचे शिक्षण मिळू लागले. आज आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करारानुसार खलाशाला २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळालीच पाहिजे. भारताने हा करार २०१५ मध्ये मान्य केला. परंतु नव्या सोयींबरोबर नवे एकाकीपणही आले. कंटेनरची बोट काही तासांत रिकामी होते, त्यामुळे बंदरात उतरून फिरणे दुर्मिळ झाले. बोटीवर माणसे थोडी, आणि जो तो फुरसतीत आपल्या केबिनमध्ये मोबाइल घेऊन बसतो. २०२० च्या कोरोना साथीत तर जगभरातील सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही बोटींवरच अडकून पडले.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील ज्या तरुणांना या व्यवसायाची ओढ असेल त्यांनी अवश्य जावे. मात्र डोळे उघडे ठेवून जावे. नौकानयन महासंचालनालयाची मान्यता असलेल्या संस्थेतच प्रशिक्षण घ्यावे. भरती करणाऱ्या कंपनीकडे त्याच खात्याचा परवाना आहे काय, हे पालकांनी आधी पाहावे. करार पूर्ण वाचूनच सही करावी. आजोबांच्या पिढीला सारंगावर विसंबणे भाग होते, तुम्हाला नाही.

जुन्या खलाशी बोलीत जहाजाची दिशा ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला 'मालिम' म्हणत. हा शब्द अरबी 'मुअल्लिम' यापासून आला आणि त्याचा अर्थ आहे शिक्षक. ज्याला वाट ठाऊक आहे तोच शिक्षक, आणि जो शिकला त्यालाच जहाज सोपवायचे, हे त्या अंगठेबहाद्दर खलाशांच्या भाषेलाही उमगले होते. आपल्या मुलामुलींनी निदान एवढे शिकावे की, स्वतःचे पत्र स्वतः लिहावे आणि स्वतःचा करार स्वतः वाचावा.